काजूच्या बीचं सरासरी वजन: एक्सेल, एसपीएसएस, जास्प की आर?

मावसबहीण दापोलीला शिकते, तिला प्रोजेक्टसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ ते कळत नव्हतं, म्हणून आमच्या वेंगुर्ल्याच्या बागेतल्या काजूच्या दहा बिया काट्यावर ठेवल्या आणि तेच आकडे सगळीकडे चालवून बघितले. ग्रॅममध्ये: ६.८, ७.४, ७.९, ६.५, ७.३, ८.१, ७.१, ७.७, ७.०, ७.६. व्यापारी म्हणतो तुमची बी सरासरी सात ग्रॅमचीच, आम्ही म्हणतो जास्त आहे. सरासरी आली ७.३४.

एक्सेल सगळ्यांकडे असतं म्हणून पहिलं तेच उघडलं, आणि गंमत तिथेच झाली. त्यात इंटरव्हलसाठी (म्हणजे सगळ्या बियांची खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावी असा अंदाज) दोन फंक्शन आहेत, कॉन्फिडन्स डॉट नॉर्म आणि कॉन्फिडन्स डॉट टी. नॉर्म वापरलं तर ९५ टक्के इंटरव्हल ७.०३ ते ७.६५, म्हणजे सात बाहेर, आपण जिंकलो! टी वापरलं तर ६.९८ ते ७.७०, सात आतच, म्हणजे व्यापाऱ्याला खोटं पाडता येत नाही. दहाच बिया आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे किती पसरलेत त्याचं माप) पण त्यांच्यावरूनच काढलेलं, त्यामुळे टी हेच बरोबर, पण एक्सेल काही टोकत नाही, तुम्ही जे मागाल ते निमूट देतं. शिवाय एकाच कॉलमची टी टेस्ट (सरासरी एखाद्या आकड्यापेक्षा खरंच वेगळी आहे का ते बघणारी चाचणी) त्यात थेट नाहीच, शेजारच्या कॉलममध्ये सगळीकडे ७ भरून पेअर्ड टेस्ट, म्हणजे दोन कॉलमची जोडीजोडीने तुलना, लावायची. चालतं, पण सरांना समजावताना घाम फुटेल.

एसपीएसएसमध्ये मेनूतून वन सँपल टी टेस्ट, टेस्ट व्हॅल्यू ७, झालं. फक्त तिथे इंटरव्हल दिसतो मायनस ०.०२ ते ०.७० असा. बहीण दचकली, काजूचं वजन मायनस कसं?! ते वजन नाही गं, सातपासूनचा फरक आहे, दोन्ही टोकांत ७ मिळव, टी वालंच उत्तर येतं. सॉफ्टवेअर चांगलंय पण लायसन्सला पैसे पडतात, कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर वापरा, स्वतःच्या खिशातून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

जास्प अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून आलंय, फुकट, आणि एसपीएसएससारखंच मेनूवर चालतं. कोड बघून ज्यांना धडकी भरते त्यांनी सरळ हेच घ्यावं.

मी मात्र आरच्या बाजूचा. टी डॉट टेस्ट, कंसात कॉलमचं नाव आणि म्यू (ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा) बरोबर ७, एवढी एकच ओळ, की टी २.१४, पी व्हॅल्यू (खरी सरासरी सातच असती तरी योगायोगाने निदान इतका फरक दिसायची शक्यता) ०.०६, सरासरी आणि तिचाच इंटरव्हल सगळं एकाखाली एक येतं, बेरीज डोक्यात करायला नको. तेपण फुकट, आणि एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं, पावसात आमच्याकडे नेट कधी जाईल सांगता येत नाही. एक मात्र, म्यू लिहायला विसरलात तर आर शून्याशी तुलना करतं, पी व्हॅल्यू इवलीशी येते आणि तुम्ही खूश, पण सिद्ध काय झालं, तर काजूला वजन असतं!

तेव्हा बाई, एकच प्रोजेक्ट असेल तर जास्प, पुढे शिकायचं असेल तर आर. एक्सेलमध्ये आकडे भरून ठेव फक्त. आणि त्या दहा बिया आईने पोत्याच्या वरवरच्या उचललेल्या, त्याला कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, त्यामुळे उद्या पोतं अंगणात ओतून सगळीकडून चाळीस बिया घेणारे.