प्रोटीन चिकटवायचं मायका किट: चकत्या झकास, लिंकरने मात्र रडवलं

एएफएमवर (अतिबारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) एकेक प्रोटीन ओढायचं काम करते मी, एक टोक सरफेसला पक्कं, दुसरं टिपला म्हणजे सुईच्या टोकाला, मग हळूहळू ताणायचं. त्यासाठी हे रेडिमेड किट मागवलं, काही कोऱ्या मायकाच्या (अभ्रकाच्या) चकत्या, काही अमिनो सिलेनचा (सरफेसवर अमाइन गट आणणारं रसायन) लेप दिलेल्या आणि पेग लिंकरची, म्हणजे प्रोटीन सरफेसला बांधणाऱ्या दोरीसारख्या रेणूची, एक बाटली.

कोऱ्या चकत्यांना पैकीच्या पैकी. चिकटपट्टी दाबून ओढली की अख्खा पापुद्रा एका दमात निघतो, खाली इतकं सपाट की इमेजमध्ये बघायला काही नसतंच. लेपवाल्या मात्र पाकीट फोडल्या फोडल्या बघितल्या तर सगळीकडे घामोळ्या उठल्यासारख्या गाठी, म्हणजे लेप देताना ओल राहिली आणि सिलेन आपापसातच जुळून बसलं. त्यापेक्षा डेसिकेटरमध्ये (आत कोरडं ठेवणारं बंद भांडं) वाफेने घरचाच लेप बरा.

आता लिंकर. एका टोकाला एनएचएस नावाचा रासायनिक गट, तो सरफेसवरचं अमाइन पकडतं, दुसऱ्या टोकाला मॅलिमाइड गट, तो प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला. पण एनएचएसला पाण्याचं वावडं, पीएच ८.६ ला ४ डिग्रीवरसुद्धा १० मिनिटांत निम्मं खलास. आणि यांनी सगळा माल एकाच बाटलीत भरलाय! फ्रीजरमधून काढून गार असताना उघडली की आत दव धरतं, पुढच्या वेळी काय उरणार? एकेका वेळच्या छोट्या कुप्या द्यायला काय होतं? वर माहितीपत्रकात लिंकर ट्रिस बफरमध्ये विरघळवा म्हणे, अहो ट्रिसमध्येच अमाइन असतं, लिंकर त्यालाच गळ्यात घेऊन बसणार ना.

पहिल्या दिवशी टायटिन या स्नायूतल्या प्रोटीनच्या आय२७ या भागावर मस्त करवतीचे दात आले (ताणताना एकेक घडी उलगडली की जोराच्या आलेखात, म्हणजे कर्व्हमध्ये, एकेक दात), २०० पिकोन्यूटनच्या आसपास, दोन दातांत २८ नॅनोमीटरच्या आसपास. असे कर्व्ह थोडेच मिळतात ते ठीक, मुद्दाम विरळच चिकटवायचं असतं नाहीतर टिपला चार-पाच जण एकदम लटकतात. तिसऱ्या आठवड्यात शंका आली म्हणून एक चकती लिंकर न लावताच चालवली, तर लिंकरवाल्या चकतीइतकेच कर्व्ह! म्हणजे प्रोटीन नुसतंच सरफेसला चिकटून बसलेलं आणि मी ते लिंकरचं म्हणून मोजत होते.

कोऱ्या चकत्या सुट्या मिळाल्या तर परत घेईन, अख्खं किट नाही. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, बाटली फ्रीजरमध्ये ठेवली होती का? ठेवली होती हो.