आरसा सरकला तर तारे कसे दिसतील? कोणतं मॉडेल घ्यायचं?

रुंद क्षेत्राच्या (एकाच वेळी आकाशाचा मोठा भाग टिपणाऱ्या) दुर्बिणीत आरसे जरासे हलले की चित्र किती बिघडतं, हे मोजायचे तीन मार्ग आहेत: रे ट्रेसिंग, नोडल अ‍ॅबरेशन थिअरी आणि सेन्सिटिव्हिटी मॅट्रिक्स. नवख्यांचा ओढा पहिल्याकडेच असतो. त्यात चूक काही नाही, पण तेवढ्यावर थांबू नका.

रे ट्रेसिंग सर्वांत भरवशाचं. झीमॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये किंवा पायथॉनच्या मोफत बॅटॉइड पॅकेजमध्ये आरसा सरकवा, किरण सोडा, ठिपका बघा. बिघाड कितीही मोठा असो, उत्तर मिळतं. अडचण उलट दिशेने येते: तारा लांबट दिसतोय, मग नेमकं काय हललं? ते शोधायला पुन्हापुन्हा गणित चालवावं लागतं, आणि कारण तरीही हाती लागेलच असं नाही.

कारण उलगडतं ते नोडल थिअरीने, म्हणजे आरसे वाकडे झाल्यावर प्रतिमेतले दोष क्षेत्रभर कसे पसरतात याच्या गणिताने. प्रकाशशास्त्रज्ञ रोलंड शॅक यांच्या कल्पनेवर केव्हिन थॉम्पसन यांनी 1980 साली अ‍ॅरिझोना विद्यापीठात प्रबंध लिहिला, तिथून ती आकाराला आली. ती शिकवते की दुय्यम आरसा (मुख्य आरशासमोरचा दुसरा) कलला किंवा बाजूला सरकला की सगळ्या क्षेत्रात सारखाच कोमा (ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी) येतो. आता गंमत बघा: कलण्याचा कोमा सरकण्याने खोडता येतो. मग मधला तारा सुंदर गोल दिसतो आणि आपण समाधानाने कोलिमेशन (आरशांची जुळणी) झालं म्हणतो. आरसा मात्र वाकडाच असतो! केंद्रापासून दूर जाल तसा अस्टिग्मॅटिझम (तारा एका दिशेने ताणला जाणं) वाढत जातो. एका कडेचे तारे एका दिशेने ताणलेले, समोरच्या कडेचे त्याला आडवे. लहान क्षेत्राच्या दुर्बिणीत हे खपून जातं, साडेतीन अंशांच्या क्षेत्रात नाही. हे एकदा समजलं की बिघडलेल्या फोटोकडे बघण्याची नजरच बदलते, म्हणून ही थिअरी माझ्या विशेष आवडीची. आरशाच्या पृष्ठभागाचे बारीक बाक आले की मात्र तिचं कागदावरचं गणित फार किचकट होतं.

चालू दुर्बीण रोज रात्री सांभाळायची तर सेन्सिटिव्हिटी मॅट्रिक्स घ्या: कोणत्या हालचालीने प्रतिमा किती बदलते याचा तक्ता. चिलीतल्या रुबिन वेधशाळेत 50 गोष्टी हलवता येतात: दुय्यम आरशाच्या 5 हालचाली, कॅमेऱ्याच्या 5, आणि आरशांचे बाक 20 अधिक 20. प्रत्येक गोष्ट थोडी हलवून झर्निके गुणांक (प्रकाशलहरीच्या आकारातले दोष सांगणारे आकडे) किती बदलले ते मांडलं की एकेक स्तंभ तयार होतो. कॅमेऱ्याच्या चार कोपऱ्यांतले सेन्सर मुद्दाम फोकसबाहेर ठेवलेले असतात. त्यांच्यावरच्या डोनटसारख्या प्रतिमांवरून मॅट्रिक्स उलटं सोडवून काय हललं ते काढतात. यात दोन धोके. ते फक्त छोट्या बिघाडांपुरतं खरं असतं. आणि काही हालचालींचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो: फोकस दुय्यम आरशाने बिघडला की कॅमेऱ्याने, हे सांगणं अवघड. अशा क्षीण जोड्या एसव्हीडी या मॅट्रिक्स फोडण्याच्या गणिती पद्धतीने वेगळ्या काढून सोडून द्याव्या लागतात.

नवी रचना तपासत असाल तर रे ट्रेसिंग पुरे. प्रबंध किंवा नियंत्रण प्रणाली करत असाल तर आठवडाभर नोडल थिअरी वाचा, मग बॅटॉइडमधून मॅट्रिक्स बनवा. त्यात रुबिनचं मॉडेल तयारच मिळतं. मॅट्रिक्सने दिलेली दुरुस्ती पुन्हा रे ट्रेसिंगमध्ये घाला आणि केंद्राचा तारा न बघता आधी चारही कडांचे बघा.