बक्षिसाच्या मेलांचे काय करावे : पुसावे, अडवावे की कळवावे?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या टॅबलेटवर गेल्या पावसाळ्यात एक मेल आला. एका परदेशी सोडतीत तिचा ई-मेल पत्ता निवडला गेला असून तिला पंचवीस लाख रुपयांचे बक्षीस लागले आहे, असे त्यात लिहिले होते, आणि खाली पूर्ण नाव, वय, व्यवसाय, घरचा पत्ता व बँक खात्याचा क्रमांक भरण्यासाठी रिकाम्या ओळी सोडल्या होत्या. पाठवणाऱ्याच्या जागी एका मोठ्या बँकेचे नाव दिसत होते, पण त्या नावावर बोट टेकवल्यावर उघडलेला पत्ता कुठल्याशा फुकट मेलसेवेतला होता, आणि आपले उत्तर ज्या पत्त्यावर जाणार होते तो तिसराच. मावशीला हा प्रकार खोटा आहे हे कळले होते. तिने एवढेच विचारले, ‘अरे, हे नुसतं पुसून टाकू, की आणखी काही करायला हवं?’

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण डिलीट, ब्लॉक, स्पॅम आणि अनसबस्क्राइब ही बटणे पडद्यावर जवळजवळ असतात आणि ती सारखेच काम करतात असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत आणि एखादे तर उलटही पडते. बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत आता वयस्कर माणसे एकटी राहतात, मुले पुण्याला किंवा परदेशी असतात आणि पेन्शनपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळे मेलवर येते. अशा घरासाठी कोणता उपाय निवडावा, हे ठरवताना उपयोगी पडावे म्हणून हा आढावा.

पुसणे आणि स्पॅम म्हणून कळवणे

डिलीट करणे सर्वांत सोपे असते आणि त्याने नुकसान काही होत नाही. मात्र त्यातून मेलसेवेला काहीच कळत नाही, कारण वाचून झालेला निरुपद्रवी मेलही आपण त्याच बटणाने पुसतो. त्यामुळे तशाच मजकुराचा दुसरा मेल पुन्हा इनबॉक्समध्ये येऊ शकतो. स्पॅम म्हणून कळवले की जीमेलमध्ये तो मेल स्पॅमच्या कप्प्यात जातो, त्याची प्रत तपासणीसाठी गूगलकडे जाते आणि त्यासारखे पुढचे मेल ओळखण्यास तिचा उपयोग होतो. स्पॅमचा कप्पा आपल्याला साफ करावा लागत नाही. तीस दिवसांनी तिथले मेल आपोआप नाहीसे होतात. मेहनत दोन्हींकडे एका बोटाचीच आहे, पण दुसऱ्या बटणाने आपल्याबरोबर इतरांचेही काम होते. म्हणून केवळ मेल आला असेल, त्याला उत्तर गेले नसेल, तर मी निःशंकपणे कळवण्याच्या बाजूचा आहे. मेलमध्ये बँकेचे किंवा सरकारी खात्याचे नाव वापरून माहिती मागितली असेल, तर संगणकावर जीमेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘फिशिंग’ म्हणून कळवणे अधिक योग्य ठरते.

ब्लॉक करण्याविषयी लोकांचा फार भरवसा असतो. ब्लॉक म्हणजे त्या एका पत्त्यावरून येणारे पुढचे मेल स्पॅममध्ये टाकणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि बक्षिसाचे मेल पाठवणारा एकच पत्ता दुसऱ्यांदा क्वचितच वापरतो. मावशीने आधी सतरा पत्ते ब्लॉक केले होते. ती यादी मी तिच्याबरोबर बसून पाहिली, तेव्हा त्यांतला एकही पत्ता दुसऱ्यासारखा नव्हता. एखादा ओळखीचा माणूस रोज नको असलेले मेल पाठवत असेल तर ब्लॉक उत्तम आहे, पण दर वेळी वेगळ्या नावाने येणाऱ्या ठगापुढे त्याचा फारसा उपयोग नाही.

अनसबस्क्राइब आणि उत्तर देणे

साडीच्या दुकानाचे, प्रवासी कंपनीचे किंवा आपण स्वतः कधीतरी नाव नोंदवलेल्या ठिकाणचे मेल नको असतील तर अनसबस्क्राइब हाच सरळ मार्ग आहे. मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांनी एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय दिली पाहिजे, अशी अट गूगलने २०२४ पासून घातली आहे. बक्षिसाच्या बनावट मेलातील तसा दुवा मात्र दाबू नये. तो दाबल्याने हा पत्ता चालू आहे आणि त्यामागचा माणूस मेल उघडून वाचतो, एवढे समोरच्याला कळते, शिवाय तो दुवा भलत्याच पानावर नेऊ शकतो. मेलातली चित्रे उघडल्यानेही हीच बातमी पोचू शकते. म्हणून सेटिंगमध्ये ‘बाहेरची चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा’ हा पर्याय निवडून ठेवावा.

काही तरुण मंडळी ठगाला उत्तरे देऊन त्याचा वेळ खाण्यात आनंद मानतात. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये या व्यवहाराचा अभ्यास मांडला. हे मेल इतके अविश्वसनीय का असतात, हा त्यांचा प्रश्न होता. पाठवणे जवळजवळ फुकट असते, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पत्रव्यवहार करण्यात वेळ जातो. तेव्हा शंकेखोर माणसे पहिल्याच ओळीला गळून जावीत आणि अगदी भोळी तेवढी उरावीत, यासाठी तो बटबटीतपणा उपयोगी पडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या हिशेबाने ठगाचा वेळ खाणे त्याला महागात पडते हे खरे, पण उत्तर देणारा स्वतःचे नाव, लिहिण्याची पद्धत आणि चालू पत्ता त्याच्या हाती देतो. ज्या घरात एकच मेल खाते सगळे मिळून वापरतात, तिथे नातवाने गमतीने सुरू केलेला पत्रव्यवहार आजीच्या नावावर चालू राहतो. मला हा पर्याय पूर्णपणे नापसंत आहे.

शब्दांवरचा फिल्टर

‘बक्षीस’, ‘लॉटरी’, ‘विजेते’ असे शब्द आले की मेल सरळ कचऱ्यात जावा, असा फिल्टर बसवता येतो आणि पहिल्या आठवड्यात तो फार परिणामकारक वाटतो. आमच्या शेजारच्या एका काकांसाठी मीच तो मोठ्या हौसेने बसवून दिला होता. दिवाळीपूर्वी इथल्या एका मराठी मंडळाने ज्येष्ठांसाठी निबंधस्पर्धा घेतली आणि काकांनी सुरसागर तलावाच्या काठच्या जुन्या आठवणी लिहून पाठवल्या. त्यांना दुसरे बक्षीस लागले. मंडळाच्या मेलचे शीर्षकच ‘स्पर्धेतील बक्षीसपात्र निबंध’ असे होते, त्यामुळे तो फिल्टरमधून कचऱ्यात गेला आणि समारंभाच्या दिवशी काका घरीच बसून राहिले. मंडळाच्या चिटणीसांनी दोन दिवसांनी फोन केला, तेव्हा सारा उलगडा झाला. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत, पण माझ्या मनाला ते फार लागले, कारण कचऱ्यातला मेलही तीस दिवसांनी जातो आणि तो फोन आला नसता तर त्यांना कधी कळलेच नसते.

मेलसेवेचा स्वतःचा गाळण्याचा मार्ग एका शब्दावर थांबत नाही. पाठवणारा कोण, तो पत्ता प्रमाणित आहे का, तसाच मेल इतरांनी स्पॅम ठरवला आहे का, हेही तो पाहतो. म्हणून शब्दांचा फिल्टर हवाच असेल तर मेल पुसण्याऐवजी त्यावर वेगळे लेबल लागेल एवढेच करावे, आणि मंडळ, बँक, पेन्शन कार्यालय यांचे पत्ते आपल्या संपर्कांच्या यादीत घालावेत.

नवा पत्ता काढण्याचा विचार थोडक्यात. जुना पत्ता बँक, आधार, विमा अशा दहा ठिकाणी दिलेला असतो, त्यामुळे वयस्कर माणसाला तो बदलणे जिवावर येते. त्यापेक्षा प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांवर आणि दुकानांच्या कुपनांवर लिहायला एक दुय्यम पत्ता ठेवावा.

उत्तर गेले असेल किंवा पैसे गेले असतील तर

इथे सगळी तुलना बदलते. अशा वेळी मेल पुसणे ही चूक ठरते, कारण तोच पुरावा असतो. स्पॅम म्हणून कळवणे किंवा ब्लॉक करणे नंतर करता येते. ठगांची पुढची मागणी बहुधा ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा ‘कर आगाऊ भरा’ अशी असते. आपल्याकडे दहा हजार रुपयांवरच्या रोख बक्षिसातून तीस टक्के कर बक्षीस देणाराच कापून घेतो. जिंकणाऱ्याने तो कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात आधी भरायचा नसतो. रिझर्व्ह बँकही लोकांना बक्षिसाची रक्कम पोचवण्यासाठी शुल्क मागत नाही, आणि परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी पैसे पाठवणे १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली निषिद्धच आहे.

पैसे गेले असल्यास बँकेला फोन करावा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितक्या लवकर पोचते, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता वाढते. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि मूळ मेल जवळ ठेवावा. पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रारही देता येते, पण ‘उद्या सकाळी जाऊ’ म्हणून फोन लांबवू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याने सोसायचे असते. त्यामुळे कळवण्याची वेळ हाच या सगळ्यातला सर्वांत मोठा मुद्दा आहे. लाजेपायी घरच्यांना न सांगणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचे तास तसेच निघून गेले आहेत.

मावशीच्या टॅबलेटवर आता शब्दांचा एकही फिल्टर नाही. चित्रे विचारल्याशिवाय उघडत नाहीत, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली आहे, आणि टॅबलेटच्या पाठीवर तिने स्वतःच्या हाताने कागदाची पट्टी चिकटवली आहे : ‘बक्षीस आले तर स्पॅम. पैसे गेले तर १९३०.’ मंडळाचा पत्ता मात्र तिने संपर्कांत सर्वांत वर ठेवायला सांगितला, कारण पुढच्या वर्षीच्या निबंधस्पर्धेत तिलाही भाग घ्यायचा आहे.