‘डॉजी’ बॉयलर आणि ऑक्सफर्डचा कोश

लेस्टरला शिकायला गेलेल्या माझ्या भाच्याला घरमालकाचा निरोप आला की बॉयलर जरा ‘डॉजी’ आहे, तेव्हा गुरुवारपर्यंत चालू करू नकोस. भाच्याने मोबाइलमधल्या एका भाषांतराच्या ॲपला विचारले, तर त्याने ‘फसवा’ असे उत्तर दिले. रात्री त्याचा फोन आला, “मामा, बॉयलर फसवा असतो म्हणजे काय?” मलाही धड सांगता येईना, म्हणून ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची मोफत ऑनलाइन आवृत्ती उघडली. हे परीक्षण तिच्यातल्या या एका नोंदीपुरतेच आहे.

हा कोश मुळात ए. एस. हॉर्न्बी यांनी जपानमध्ये परक्या विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केला आणि १९४२ साली तो तिथेच प्रथम निघाला. शिकणाऱ्याची अडचण ओळखण्याची ती सवय आजही टिकून आहे. ‘डॉजी’ हा शब्द ब्रिटिश आणि अनौपचारिक असल्याचे नोंदीत आरंभीच कळते. पुढे तीन अर्थ येतात: माणूस किंवा व्यवहार अप्रामाणिक वाटणे, वस्तू किंवा शरीराचा अवयव नीट काम न देणे आणि एखादी गोष्ट जोखमीची असणे. भाच्याच्या ॲपला पहिलाच अर्थ ठाऊक होता. बॉयलर दुसऱ्यात मोडतो, आणि पावसाळ्यात कुरकुरणारा माझा गुडघाही. मराठीत ‘बेभरवशाचा’ म्हटले की तिन्ही अर्थ बऱ्यापैकी पेलले जातात.

पहिल्या अर्थाच्या व्याख्येत अप्रामाणिक ‘असणे’ नसून तसे ‘वाटणे’ आहे, हे मला विशेष आवडले, कारण पुरावा हाती नसताना संशय व्यक्त करणे हेच या शब्दाचे खरे काम आहे. अर्थात संशय कोणावर घेतला आहे, त्यावर त्याची धार ठरते. २००३ साली ब्लेअर सरकारने इराकविषयी प्रसृत केलेल्या दस्तऐवजातील बराच मजकूर एका अभ्यासकाच्या लेखातून श्रेय न देता उचलल्याचे उघड झाले, तेव्हापासून तो ‘डॉजी डॉसिए’ म्हणूनच ओळखला जातो. ११ एप्रिल २०१६ रोजी मजूर पक्षाचे खासदार डेनिस स्किनर यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांना ‘डॉजी डेव्ह’ म्हटले, ते मागे घ्यायला नकार दिला आणि सभापतींनी त्यांना दिवसभरासाठी सभागृहाबाहेर काढले. बॉयलरला लावला तर कोणी भुवईही उंचावणार नाही असा हा शब्द माणसाला चिकटताच आरोप होतो. ‘अनौपचारिक’ एवढ्या एका खुणेवरून परक्या वाचकाला हा फरक उमगणे अवघड आहे. तिथे दोन ओळींची सूचना असती, तर नोंदीला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

उच्चार ऐकण्याची सोय मात्र उत्तम आहे. भाचा तोवर ‘दोडगी’ म्हणत होता.