कीपॅड कुठला घ्यायचा: केएनएक्स, लुट्रॉन, झिगबी की साध्या बेल पुशमागे शेली?

मावसभावाला वाकडला फ्लॅटचा ताबा मिळालाय, इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात ग्राइंडर घेऊन भिंतीला झिऱ्या मारायला येणार आणि हा मला रोज रात्री जेवणाच्या वेळी फोन करून विचारतो, दादा कीपॅड (नेहमीच्या स्विचबोर्डाऐवजी भिंतीवर बसणारा बटणांचा पॅनेल) कुठला घेऊ. चार फोनमध्ये तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते एकदाच लिहून टाकतो, कारण याच्याआधी ऑफिसमधल्या दोघांना पण हेच सांगून झालंय.

शोरूममध्ये गेलं की सगळे काच, ब्रश्ड मेटल, बॅकलाइट यावर बोलतात. ते बघाच, नको म्हणत नाही. पण कीपॅडचं बटण लाईटला डायरेक्ट जोडलेलं नसतं, ते फक्त निरोप पाठवतं, त्या निरोपाचा अर्थ काय ते प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं. म्हणून मी दोनच गोष्टी विचारतो: हा प्रोग्राम नक्की कुठे साठवलाय, आणि पुढच्या दिवाळीत ‘बाल्कनी’ बटणावर आकाशकंदील टाकायचा असेल तर तो कोण बदलणार, मी की कंपनीचा माणूस.

माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये २०१९ पासून केएनएक्स (केबलवर चालणारं, बऱ्याच कंपन्यांचं सामाईक स्टँडर्ड) आहे, सांगलीला आईबाबांकडे शेली (स्विचच्या मागे डब्यात बसणारं वायफाय मॉड्यूल), त्याआधी भाड्याच्या घरात झिगबी (सेलवर चालणारे वायरलेस स्विच) वापरलं, आणि लुट्रॉन ही अमेरिकन कंपनीची सिस्टिम न्यू जर्सीला ताईकडे आहे, तिथे दोन महिने राहून भाऊजींच्या बरोबर बसून बघितलंय. म्हणजे चारही हाताळलेत, शोरूमवाल्यासारखं विकायला काही नाही.

केएनएक्सपासून सुरू करतो कारण त्याचाच निर्णय भिंत फुटायच्या आधी घ्यावा लागतो. प्रत्येक कीपॅडपर्यंत एक बारीक हिरवी केबल जाते, तिच्यात जेमतेम ३० व्होल्ट डीसी, त्याच दोन तारांवरून पॉवरपण जाते आणि निरोपपण. २३० व्होल्ट कीपॅडच्या डब्यात नसतंच. लाईटच्या तारा मात्र सगळ्या सरळ डीबीपाशी (एमसीबी असतात तो मेन बोर्ड) आणायच्या, तिथे ॲक्च्युएटर, म्हणजे निरोप ऐकून लाईट प्रत्यक्ष चालू-बंद करणारे डिव्हाइस, बसतात, त्यामुळे डीबी चांगला लठ्ठ होतो आणि इंटिरियरवाला कुरकुरतो. मधे कुठला मेन कंट्रोलर नसतो, प्रत्येक डिव्हाइसमध्ये त्याचा त्याचा प्रोग्राम असतो, एक कीपॅड मेला तर बाकीचे चालू राहतात. (पॉवर सप्लाय मेला तर मात्र सगळेच गप्प, म्हणून तो चांगला घ्या.) आणि पाचशेच्या वर कंपन्या या स्टँडर्डमध्ये आहेत, एकाचा कीपॅड आणि दुसऱ्याचा ॲक्च्युएटर बिनधास्त चालतो.

प्रोग्रामिंग ईटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्यांदा कीपॅडला पत्ता द्यायचा, १.१.१२ वगैरे, त्यासाठी त्याच्यावरचं बारीकसं प्रोग्रामिंग बटण दाबायचं, लाल एलईडी लागतो, लॅपटॉपवरून डाउनलोड झालं की विझतो. नंतर परत हात लावायची गरज नाही, पुढचं सगळं बसवरून, म्हणजे त्याच हिरव्या केबलवरून, होतं. मग बटणाला ग्रुप ॲड्रेस, समजा १/१/५ म्हणजे हॉलचं झुंबर, तोच ॲड्रेस ॲक्च्युएटरच्या चॅनलला दिला की जोडी जमली. ऐकायला सोपं आहे आणि खरंच सोपंच आहे, पण तीन ठिकाणी आमची वाट लागली ती सांगतो.

एक म्हणजे टॉगल. दाराजवळच्या कीपॅडवर झुंबर, सोफ्याजवळच्या कीपॅडवर पण झुंबर, दोन्हीकडे एकच बटण चालू-बंद करणारं. स्टेटस ऑब्जेक्ट जोडलेला नव्हता, म्हणजे दाराजवळच्या कीपॅडला कळतच नव्हतं की सोफ्याजवळून कुणी लाईट लावलाय, तो आपला समजतोय बंद आहे, आणि मी बंद करायला गेलो की तो पुन्हा ‘चालू’ पाठवणार. दोनदा दाबावं लागायचं. आई म्हणायची, “हे बटण एकदा ऐकत नाही रे, दोनदा सांगावं लागतं, तुझ्यासारखंच.” ॲक्च्युएटरचा स्टेटस दोन्ही बटणांना जोडला आणि विषय संपला, पाच मिनिटांचं काम, पण ते कळायला दोन महिने गेले.

दुसरं, सीन नंबर. (सीन म्हणजे एका बटणावर ठरवून ठेवलेली बऱ्याच लाईटची मांडणी.) सॉफ्टवेअरमध्ये सीन १ ते ६४ दिसतात पण तारेवरून प्रत्यक्षात ० ते ६३ जातात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे डिव्हाइस असले की कुठे एकपासून मोजलेलं असतं कुठे शून्यापासून, मग ‘जेवण’ दाबलं की ‘टीव्ही’ लागतो आणि आमटीत काय पडलंय ते दिसत नाही. तिसरं बाबांनी शोधून काढलं. बऱ्याच कीपॅडवर सीनचं बटण जास्त वेळ दाबून धरलं की आत्ता खोलीत जे लाईट आहेत तोच नवा सीन म्हणून सेव्ह होतो. बाबा कुठलंही बटण लिफ्टच्या बटणासारखं दाबून धरतात. एका आठवड्यात घरातले सगळे सीन सारखेच झाले होते. पॅरामीटरमध्ये सीन स्टोअर बंद करून टाका, पहिल्याच दिवशी.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे प्रोजेक्ट फाइल. आमच्या इन्स्टॉलरने काम छान केलं, पैसे घेतले, फाइल दिली नाही, आणि वर्षभराने फोन उचलायचा बंद झाला. डिव्हाइसमधून वाचून पूर्ण प्रोजेक्ट जसाच्या तसा परत मिळत नाही, नावं तर नाहीच नाही. दुसऱ्या माणसाला बोलावून निम्मं घर नव्याने प्रोग्राम करून घेतलं. म्हणून शेवटचा हप्ता फाइल हातात आल्यावर, ती लॅपटॉपवर उघडून बघितल्यावरच द्यायचा. आणि कुठल्याही परक्या इन्स्टॉलरला ती फाइल उघडून काम पुढे नेता येतं, हा केएनएक्सचा खरा फायदा आहे.

लुट्रॉनचं वेगळं. कंपनी १९६१ साली डिमरपासूनच सुरू झालेली, आणि ते कळतं, लाईट मंद होताना झटका नाही, फ्लिकर नाही, बटण दाबल्यावरचा फील तर विचारूच नका. ताईकडे रेडिओवर चालणारी सिस्टिम आहे, कीपॅड जुन्याच स्विचच्या जागी बसले, भिंत फोडली नाही. मला त्यांचं सगळ्यात आवडलं ते एलईडीचं लॉजिक. बटणाशेजारचा छोटा दिवा कधी लागावा ते निवडता येतं: त्या बटणाखालचा एक जरी लाईट चालू असला तरी लागावा, की सगळे चालू असतील तेव्हाच, की सगळे अगदी सीनमध्ये ठरवलेल्याच लेव्हलला असतील तेव्हा. ताईच्या बेडरूममधल्या ‘खालचा मजला’ बटणाला पहिला प्रकार आहे, झोपताना दिवा दिसला की कळतं खाली काहीतरी चालू राहिलंय, जिना उतरायची गरज नाही. मी घरी येऊन केएनएक्समध्ये हेच बनवलं, होतं, पण लॉजिक वापरून जरा झगडून.

अडचण अशी की सॉफ्टवेअर सगळ्यांना उघडं नाही. भाऊजींच्या सिस्टिमचं सॉफ्टवेअर कंपनीचं ऑनलाइन ट्रेनिंग केल्यावर मिळालं, त्यांनी दोन वीकेंड घालवून केलं. त्यांची वरच्या दर्जाची सिस्टिम, होमवर्क्स, मात्र डीलरच्याच हातात, आपल्याकडे मोठ्या बंगल्यांत तीच बसते. म्हणजे आकाशकंदिलासाठी फोन आणि व्हिजिट चार्ज. डीलर चांगला असेल तर दहा वर्षं सुखात जातील. आणि हो, ताई येताना बॅगेतून दोन कीपॅड आणेल हा विचार मावसभावाने केलाच होता. चालणार नाही. तिकडची सिस्टिम ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते, आपल्याकडचा बँड वेगळा, वर तिकडे १२० व्होल्ट आणि भिंतीतला डबासुद्धा वेगळ्या मापाचा.

झिगबी सीन स्विच म्हणजे चार बटणांचा, सीआर२०३२ सेलवर चालणारा, मागे डबल टेप. भाड्याच्या घराला याच्याइतकं सोयीचं काही नाही, एका केएनएक्स कीपॅडच्या पैशात असे चार-पाच आरामात येतात, घर सोडताना उचकटून घेऊन जायचे. ॲपमध्ये बटण निवडायचं, एकदा दाबलं, दोनदा दाबलं, धरून ठेवलं, प्रत्येकाला वेगळं काम द्यायचं, अर्ध्या तासात घर तयार. सेल वाचवायला तो सतत झोपलेला असतो, फक्त दाबल्यावर जागा होतो, त्यामुळे लाईट चालू की बंद हे दाखवणारा दिवा त्याच्यावर नसतो. आमच्याकडे पावसाळ्यात टेप सुटून एक स्विच फ्रिजमागे पडला होता आणि दोन दिवस स्वयंपाकघराचा लाईट फोनवरून लावत होतो.

पण खरेदीआधी इंटरनेट बंद करून बटण दाबून बघा. सगळं एकाच हबखाली (घरातले सगळे झिगबी डिव्हाइस जोडणारा डबा) असेल तर बहुतेक चालतं, स्विच एका कंपनीचा आणि बल्ब दुसऱ्या ॲपचा असेल तर निरोप कुठल्यातरी सर्व्हरवरून फिरून येत असतो. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची जुनी कंपनी होती, तिचे सहा-आठ बटणांचे कीपॅड हजारो घरांत होते. एप्रिल २०२२ मध्ये काही न सांगता सर्व्हर बंद पडले. ॲप एका रात्रीत मेलं, पण कीपॅड आणि लाईट यांच्यातल्या ज्या लिंक डिव्हाइसमध्येच साठवलेल्या होत्या त्या चालत राहिल्या. नंतर ग्राहकांपैकीच काही जणांनी कंपनी विकत घेऊन सर्व्हर परत चालू केले. दर वेळी असं नशीब नसतं.

आता माझा लाडका जुगाड. नेहमीची ४ मॉड्यूलची प्लेट घ्या, त्यात चार बेल पुश (दारावरच्या बेलचं असतं तसं दाबून सोडायचं बटण), मागच्या डब्यात शेलीचं चार इनपुटचं मॉड्यूल. बाहेरून बघणाऱ्याला साधा स्विचबोर्ड, बटण खराब झालं तर गल्लीतला इलेक्ट्रिशियन बदलून देईल. सांगलीला हेच केलंय. कॉन्फिगरेशन ब्राउझरमध्ये, आधी इनपुटचा प्रकार ‘स्विच’चा ‘बटण’ करायचा, मग प्रत्येक दाबण्याला दुसऱ्या शेलीचा पत्ता द्यायचा, सर्व्हर नको, घरातलं वायफाय पुरतं. डब्यात न्यूट्रल लागतो, जुन्या घरात तो सॉकेट असलेल्या बोर्डातच सापडतो, ते आधी उघडून बघा. इंडिकेटरवाला बेल पुश घेऊ नका, त्या निऑनमधून थोडा करंट झिरपतो आणि कुणी न दाबता लाईट लागतात, आईने आधी बाधा वगैरे शंका काढली होती. आणि राउटरमध्ये प्रत्येकाचा आयपी फिक्स करा. मी केला नव्हता, बाबांनी राउटर बदलला आणि सगळी बटणं मुकी, पुण्याहून साडेतीन तास गाडी चालवत गेलो त्या चार आकड्यांसाठी.

काहीही घेतलं तरी लागू पडणारं थोडंसं. आठ बटणं घेऊ नका, पाचव्यानंतर पाहुण्याला सोडा, आपल्यालाच आठवत नाहीत. सगळ्यात खालचं बटण घरभर ‘बंद’च ठेवा, अंधारात हात तिथेच जातो (म्हणूनच टच काचेचे पॅनेल मला आवडत नाहीत, चाचपडताना तीन लाईट लागतात). डबल प्रेस शक्यतो टाळा, ते चालू केलं की सिस्टिम एकदा दाबल्यावर दुसऱ्याची वाट बघते आणि साधा लाईटसुद्धा उशिरा लागतो. मंद करायचं बटण घेण्याआधी एलईडीचे ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारी डबी) डिमेबल, म्हणजे मंद करता येणारे, आहेत का ते विचारा. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर त्याला डिमरवर टाकूच नका, त्याला सतत सप्लाय लागतो. स्मार्ट बल्ब असतील तर वीज गेल्यानंतरचं सेटिंग बघा, नाहीतर रात्री तीनला लाईट येते आणि बेडरूम लग्नाच्या हॉलसारखी उजळते.

मावसभावाला मी सांगितलं, घर स्वतःचं आहे, भिंत फुटतेच आहे, तर हॉल आणि मास्टर बेडरूमला केएनएक्स कर, बाकी खोल्यांना बेल पुश, पण हिरवी केबल सगळीकडे आत्ताच टाकून ठेव, केबलला फार पैसे लागत नाहीत. त्याच्या बायकोला लुट्रॉनची बटणं आवडली होती, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

एक राहिलं, बटणावरची नावं कोरून घ्यायची घाई करू नका. महिनाभर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून राहा, निम्मी बटणं बदलतात. आणि मराठीत कोरायचं असेल तर नुसतं टाइप करून पाठवू नका, पीडीएफ पाठवा आणि कोरायच्या आधी नमुन्याचा फोटो मागवा, कारण आमच्याकडच्या मशीनने फॉन्ट बदलून टाकला आणि ‘स्वयंपाक’मधला स् सुटा पडला. ‘देवघर’ मात्र सुंदर आलं, आई रोज ते बटण दाबायच्या आधी पदराने पुसते.