१४ महिने, १६,४०० मैल : पेट्रोलवरचा एफ-२५० आणि मागचा ट्रेलर

आधी शब्दांचा घोळ मिटवते. इथे अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल, आणि ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. आमचा ट्रक फोर्ड एफ-२५० सुपर ड्यूटी, २०२४ चं मॉडेल, ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८, चार दारांची केबिन, फोर बाय फोर. आम्ही राहतो डेन्व्हरच्या दक्षिणेला, पार्करमध्ये. १४ महिन्यांत १६,४०० मैल झाले, त्यातले ३,७०० सुट्टीत राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, मागे लावून. ट्रक रोज कामावर नेते मी, आणि घाटात ट्रेलरही बहुतेक वेळा मीच ओढते.

आधीचा ट्रक हाफ-टन, म्हणजे याच्यापेक्षा हलक्या वर्गातला होता. ट्रेलर २८ फुटी. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ९,००० पौंड आरामात ओढेल. लिमनच्या पुढे सपाट माळावर आडवा वारा सुटला आणि मागचा ट्रेलर डोलायला लागला. स्टिअरिंग हातात असून गाडी आपली नाही, असे ते काही सेकंद होते. मागच्या सीटवर दोन्ही मुलं होती. ट्रेलरचे ब्रेक हाताने हलकेच लावले, वेग उतरला, गाडी कडेला घेतली. पुढच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, वजन केलं, तेव्हा कुठे खरा आकडा कळला.

तो आकडा म्हणजे ट्रक किती ओढतो हा नव्हे. तो स्वतःच्या पाठीवर किती पेलतो हा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या जुन्या ट्रकवर १,४८० पौंड होतं. आता बेरीज करा. चौघं माणसं ५६०. भरलेला ट्रेलर ८,००० च्या आसपास, त्याच्या साधारण आठव्या हिश्श्याचं वजन हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्यावर, येतं, म्हणजे १,०००. वजन वाटून देणारा हिच १००. हौद्यात सायकली, जनरेटर, लाकडं २५०. झाले १,९१०. जाहिरातीतल्या ९,००० च्या कितीतरी आत राहूनही आम्ही ४३० पौंडांनी जास्त होतो, आणि दोन वर्षं तसेच फिरत होतो. विकणाऱ्याने तो स्टिकर एकदाही दाखवला नव्हता. याचा मला अजून राग येतो.

म्हणून नवा ट्रक बघताना मी प्रत्येक दार उघडून पहिल्यांदा स्टिकर वाचला. आमच्या एफ-२५० वर ३,०७० होते. त्याच आवारात तसाच डिझेल ट्रक उभा होता, त्याच्यावर २,३४०. कारण सरळ आहे. दोघांची ट्रक आणि त्यावरचं ओझं धरून एकूण वजनमर्यादा सारखीच, १०,००० पौंड. डिझेलचं इंजिन आणि त्याच्या सोबतचा सगळा संसार जड, त्यामुळे तेवढी जागा तुमच्या सामानातून जाते. डिझेल म्हणजे जास्त ताकद हे खरंच आहे, फोर्डच्या ६.७ लिटरच्या पॉवर स्ट्रोक डिझेलचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १,०५० पौंड-फूट आणि आमच्या ७.३ चा ४८५. पण ट्रेलर मागच्या हिचला लावायचा, घरची माणसं आत बसवायची आणि हौदाही भरायचा, अशा कुटुंबाला आधी पाठ लागते.

शेवरले सिल्व्हराडो २५०० एचडीचं ६.६ लिटरचं पेट्रोल इंजिनही चालवून पाहिलं, ४०१ हॉर्सपॉवर आणि ४६४ पौंड-फूट. रॅम २५०० चं ६.४ हेमीही पाहिलं, ४१० आणि ४२९. तिन्ही ओढतात, उगाच कुणाला नावं ठेवणार नाही. मला ७.३ ची साधी घडण पटली : ओतीव लोखंडाचा ब्लॉक, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) नाही, अर्धे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा नाही, आणि साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.३० घेतलं; हा आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पण इंजिनही जास्त फिरतं. रिकामा असताना ७० मैलांच्या वेगाला दहाव्या गिअरमध्ये १,९०० च्या आसपास आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) राहतो, म्हणजे रोजच्यासाठीही जाचक नाही.

आता घाट. कोलोरॅडोत पेट्रोल ट्रक घ्यावा का, हा प्रश्न इथेच सुटतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे घरातून निघतानाच १५ टक्के कमी. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेत विरलेली असते. डिझेलच्या टर्बोला ही झळ फार कमी बसते.

पहिल्यांदा ट्रेलर घेऊन बोगद्याकडे चढलो तो जुलै होता आणि आण्णा साताऱ्याहून आलेले होते. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत चालक होते, वाई-पाचगणीचा पसरणी घाट त्यांच्या हातातला. उजव्या लेनमध्ये ४५ मैल वेग, आरपीएम ४,४००, आणि इंजिनचा असा आवाज की नवऱ्याने रेडिओ बंद केला. माझा पाय आपोआप सैल झाला. आण्णा काट्यांकडे बघत होते. म्हणाले, ‘‘पोरी, पाणी गरम नाही, ऑइल गरम नाही. ओरडू दे त्याला. तू पाय काढलास की गिअर बदलेल आणि मग खरा दम लागेल.’’ त्या दिवसापासून मी आवाज ऐकते पण बघते तापमान. १४ महिन्यांत काटा एकदाही मधल्या जागेवरून हललेला नाही. हे इंजिन वर फिरूनच ताकद देतं, पूर्ण टॉर्क ४,००० ला येतो. ज्याला तो आवाज सहन होत नाही त्याने हा ट्रक घेऊ नये, हे मनापासून सांगते. माझ्या मुलीला अजूनही आवडत नाही, ती कानात हेडफोन घालते.

उतरण मला चढापेक्षा महत्त्वाची वाटते. बोगद्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग आठेक मैल उतार, कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी सुट्या खडीचे चढ बांधलेले. आण्णांनी तिथे एसटीतला जुना नियम सांगितला, ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची सेटिंग, लावला की गिअरबॉक्स हेच करतो : ब्रेकला एकदा ठामपणे पाय लावला की खालचा गिअर धरतो आणि इंजिनच वेग रोखतं. डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकइतकी (धूर अडवून इंजिनकरवी वेग रोखणारा) ही पकड नाही. मला दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एकदा ब्रेक दाबावा लागतो, दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून राहायचं नाही. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर डॅशबोर्डमध्येच येतो, तो भरलेल्या वजनाला धरून आधी रिकाम्या रस्त्यावर जुळवून घ्या. आम्ही पुढे ग्रँड जंक्शनवरून रिजवेच्या स्टेट पार्कला गेलो, तीन वेळा गेलो आता, आणि ट्रेलर पुन्हा कधी डोलला नाही. वारा तोच आहे.

रोजच्या वापराचं सांगते. ट्रक जवळजवळ २१ फूट लांब आहे. आमच्या गॅरेजमध्ये बसत नाही, बर्फातही बाहेरच असतो. मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिथल्या बहुमजली पार्किंगची उंची ट्रकला पुरत नाही, म्हणून लांबच्या उघड्या जागेत लावून रोज आठ मिनिटं चालते. रिकामा असताना मागचे स्प्रिंगचे पाटे कडक लागतात, काँक्रीटचे सांधे कमरेला कळतात. हिवाळ्यात मागचं टोक हलकं पडतं म्हणून मी हौद्यात, मागच्या चाकांच्या वर, वाळूच्या ६० पौंडी सहा गोण्या ठेवते. वळताना पकड सुधारते आणि बसायलाही बरं वाटतं. उणे वीस अंशांत सकाळी एका चावीत सुरू होतो. माझा ऑफिसचा रस्ता ११ मैलांचा, आणि इतक्या छोट्या फेऱ्यांत डिझेलचा धुराचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही. रोज थोडंच चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पेट्रोल. रिकामा, शहर आणि हायवे मिळून १३.५ मैल प्रति गॅलन. ट्रेलर लावून ८.६. एकूण १,३७० गॅलन लागले. डिझेलने, माझ्या ओळखीतल्यांच्या अनुभवाप्रमाणे, १,०७० तरी प्यायलं असतं. पेट्रोल तीन डॉलर आणि डिझेल साडेतीन धरलं तर १४ महिन्यांत वाचले असते ३६५ डॉलर, त्यातून डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) आणि फिल्टरचा खर्च वजा. डिझेल इंजिनसाठी वर १०,००० डॉलरच्या आसपास मोजायचे होते. विकताना डिझेलला किंमत चांगली येते हे मान्य, तरीही माझा हिशोब जमला नाही.

एका गोष्टीत मात्र डिझेलवाल्यांचा हेवा वाटतो. ट्रक स्टॉपच्या मोठ्या लेन, जिथे ट्रेलरसकट सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येतं, तिथे फक्त डिझेल मिळतं. मला ५० फुटांची वरात घेऊन मोटारींच्या पंपांमध्ये शिरावं लागतं. टाकी ३४ गॅलनची, ट्रेलर लावून मी २३० मैलांपलीकडे ताणत नाही, म्हणजे लांबच्या दिवसात दोनदा ही कसरत. आता आदल्या रात्री नकाशावर पंपाचं चित्र बघून ठेवते, कडेचा पंप आणि बाहेर पडायची वाट दिसली तरच तिथे थांबते. पोहोचल्यावर आधी ट्रेलर सोडायचा आणि मगच पेट्रोल भरायला जायचं, हेही ठरून गेलंय.

गणपतीत मंडळाचा सामानाचा ट्रेलर, मखर आणि ढोल-ताशे, याच ट्रकने नेला. तिथे एका काकांनी विचारलं, ते १३,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील, म्हणजे हौद्यातच जोडायचा मोठा ट्रेलर, घेताहेत आणि निवृत्तीनंतर वर्षातले सहा महिने डोंगरातच राहणार आहेत, आमच्यासारखाच घ्यावा का? मी त्यांना डिझेलच घ्या म्हटलं, तेही एफ-३५०, याच्या वरचा दणकट ट्रक, आणि काका, पैसे देण्याआधी दार उघडून स्टिकर वाचा.