मुरघास खड्ड्यात, बॅगेत का गाठीत? चाळीसगावकडचा रिव्ह्यू

दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्याचे भाव बघून आमच्याकडे आता जो तो मुरघासाकडे, म्हणजे हिरवा मका बारीक कापून हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याकडे वळतोय, पण कसा करायचा विचारलं की प्रत्येकाचं आपलंच घोडं पुढे. आमच्या गोठ्यावर तिन्ही प्रकार करून झाले. सहा-सात गायी असतील तर सरळ ५० किलोच्या बॅगा भरा.

खड्डा स्वस्त पडतो यात वादच नाही, एका घनमीटरात ५००-६०० किलो बसतो, थर टाकायचा, ट्रॅक्टर फिरवायचा, परत थर, वरून प्लॅस्टिकचा कागद आणि माती. खरी गंमत उघडल्यावर. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा ४४ च्या वर, हवा लागली की मुरघास आतून तापतो, हात घातला तर चटका बसतो. म्हणून रोज पूर्ण तोंडावरून अर्धा फूट तरी काढावा लागतो, आता सात गायींना दिवसाला सव्वाशे किलो लागला तर एवढ्यात खड्ड्याचं तोंड कितीसं सरकणार? वीसेक जनावरं असतील तर मात्र खड्डाच करा, बॅगांच्या नादी लागू नका.

बॅगेचं बरं असतं, सकाळी फोडली की संध्याकाळपर्यंत खलास. एक टनाची मोठी बॅग आठ दिवस उघडी राहते, मग खड्ड्यात आणि तिच्यात फरक काय राहिला? तुडवायला मात्र जीव जातो, कोपरा पोकळ राहिला की तिथेच पांढरी बुरशी. आणि उंदीर! भोक दिसलं की त्याच दिवशी टेप लावा.

गाठी बेलरवाल्याकडून (चारा दाबून गठ्ठे बांधायचं मशीन) करून घेतल्या, दाब एक नंबर, पण माणूस आज येतो उद्या येतो करत बसला आणि दाण्यातला चीक अर्ध्यावर असताना कापायचा मका पार वाळला. ओलावा ६५-७० टक्के पाहिजे भाऊ, वाळलेला मका दबतच नाही. त्यात कुट्टी, म्हणजे कापलेले तुकडे, जाड, एक-दोन सेंटिमीटरची सांगितली होती, गायी पाला खातात आणि दांडे गव्हाणीत तसेच. सर्व्हिसला पाचपैकी दोन स्टार, ते पण मशीनचे.

गूळ, मीठ, कल्चर (आंबवायचे जिवाणू) गळ्यात मारणारे दुकानदार भेटतीलच, पण मक्यात साखर मुळातच असते, वेळेवर कापून हवा काढली तर काही न टाकता ४५ दिवसांत आंबट-गोड वासाचा मस्त मुरघास होतो.